खिडकी कशाला आता? – ‘द व्हेल्स ऑफ ऑगस्ट’ आणि म्हातारी भावंडं

अबोली_६६ (धागाकर्ती)

परवा रात्री ताईबरोबर ‘द व्हेल्स ऑफ ऑगस्ट’ (१९८७) पाहिला. म्हणजे मी पाहिला आणि तिने निम्मा ऐकला. ताईचा मॅक्युला (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग) गेलाय. समोर बघितलं की मधोमध डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणून ती टीव्हीसमोर खुर्ची तिरकी लावून बसते. तिऱ्हाइताला वाटावं ही बाई कपाटाकडे बघतेय, पण त्या तिरप्या नजरेत पडदा बरोबर पकडलेला असतो. जे सुटेल ते मी सांगायचं, असा आमचा करार आहे. ती ७४ ची, मी ६६ ची. भावजी गेल्यापासून एकत्र राहतो.

गोष्ट एवढीशी आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळचं एक बेट. तिथल्या जुन्या घरात दोन म्हाताऱ्या बहिणी उन्हाळ्यात येऊन राहतात. लिबी थोरली, आंधळी, जिभेला धार. सेरा धाकटी, दिवसभर उभीच. कपडे वाळत घाल, धूळ झटक, लिबीचे केस विंचर. लहानपणी ऑगस्ट महिन्यात धावत टोकावर जाऊन दोघी देवमासे बघायच्या. आता ते दिसत नाहीत. सेराला समुद्राच्या बाजूला मोठी खिडकी बसवून घ्यायचीय. लिबीचं म्हणणं, आपल्या वयात नवीन काही करायचं नसतं. जुनी मैत्रीण टिशा येऊन घर विकायचं सुचवते. मारानॉव्ह नावाचा एक रशियन उमराव येतो, राज्य गेलं पण अदब गेली नाही अशातला. जोशुआ नावाचा घरदुरुस्तीवाला येतो तो आदळआपट करतच. नव्वद मिनिटांत बस इतकंच.

मी आपली कुजबुजत सांगत होते, आता ती तिचे केस विंचरतेय, पांढरेशुभ्र, लांब... तर ताई म्हणाली, “तू जरा गप्प बस. कोण कुणावर चिडलंय ते आवाजावरून कळतंय मला.” दहा मिनिटांनी म्हणाली, “ती आंधळी बरोबर बोलतेय. या वयात भिंत फोडायची म्हणजे काय?”

आता हा टोला पडद्यावरच्या सेराला नव्हता. ताईच्या खोलीत बागेकडच्या भिंतीला खिडकी पाडून घेऊ या, असं मी वर्षभर तिच्या मागे लागलेय. उत्तर कायम एकच: “कशाला आता?” त्यामुळे सिनेमा संपला तरी घरात दोन पक्ष पडलेले आहेत.

लिबी मुळातच खाष्ट आहे की घाबरलेली आहे? तुमचं मत लिहा. आणि म्हाताऱ्या भावंडांवरचे असे सिनेमे आणखी कुणी पाहिले असतील तर तेही सांगा. (शेवट फुटणार आहे, बघायचा असेल त्यांनी खालचे प्रतिसाद जपून वाचा.)

रीळवाला

वा, कुठून उकरून काढलात हा! यातली गंमत पडद्याबाहेर जास्त आहे. बेटी डेव्हिस थोरली आणि लिलियन गिश धाकटी. प्रत्यक्षात गिशचा जन्म १८९३ चा आणि डेव्हिसचा १९०८ चा. म्हणजे ‘धाकटी’ थोरलीपेक्षा तब्बल १५ वर्षांनी मोठी, आणि दिवसभर तिचीच उठबस करतेय. १९८६ मध्ये मेनच्या कॅस्को उपसागरातल्या क्लिफ बेटावर चित्रीकरण झालं तेव्हा गिशबाईंनी नव्वदी कधीच ओलांडली होती.

डेव्हिसबाईंचं वाळलेलं शरीर आणि जरा ओढल्यासारखा चेहरा हा मेकअप नव्हे. १९८३ मध्ये त्यांची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि पाठोपाठ पक्षाघाताचे झटके आले. त्यातून उठून त्या परत कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. लिबीचं ते तुटक बोलणं ऐकताना हे माहीत असलं की जरा वेगळंच वाटतं.

पण मला खरी सांगायचीय ती दुसरीच गोष्ट. गिश पहिल्यांदा सिनेमात आली १९१२ साली, दिग्दर्शक ग्रिफिथच्या एका मूकपटात. बरोबर कोण? तिची सख्खी पाठची बहीण डोरोथी. पुढे १९२१ चा ‘ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म’ आला, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीतला. त्यात दोघी बहिणी म्हणून वाढलेल्या मुली, आणि डोरोथी आंधळी! लिलियन तिला हाताला धरून पॅरिसला आणते आणि गर्दीत दोघींची ताटातूट होते. डोरोथी १९६८ मध्ये गेली. त्यानंतर अठरा वर्षांनी लिलियन पुन्हा एका आंधळ्या बहिणीचा हात धरून उभी आहे, आणि हा तिचा शेवटचा सिनेमा ठरला. कुणी ठरवून केलं असेल असं नाही, पण मी तो हात बघताना दरवेळी डोरोथीकडे पोचतो.

अवांतर: तरुणपणीची टिशा झालीय ती म्हाताऱ्या टिशाची, म्हणजे ॲन सदर्नची, खरीखुरी मुलगी. सदर्नला यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. दोन्ही नायिकांना नाही!

टग्या_रिटर्न्स

माफी असावी, मी ४० व्या मिनिटाला झोपलो. जागा झालो तेव्हा त्या दोघी त्याच खोलीत, त्याच खिडकीवर बोलत होत्या. काही चुकलं असं वाटलंच नाही.

गंमत सोडा. हे मुळात डेव्हिड बेरीचं नाटक आहे आणि ते लपत नाही. एक पात्र आलं, गप्पा झाल्या, गेलं. दुसरं आलं, गप्पा, गेलं. लिंडसे अँडरसनसारखा धारदार दिग्दर्शक इथे कॅमेरा ठेवून चहाला गेल्यासारखा वाटतो. नट मोठे आहेत म्हणून आपण आदराने बघतो, हे तरी कबूल करू या.

अबोली_६६

टग्या, नाटक आहे हे मान्य. दार उघडतं आणि माणूस आत येतो, ते मलाही खटकलं. पण घरात म्हातारी माणसं असली की दिवस असाच जातो हो. कुणी येण्याची वाट बघायची, आलेलं माणूस गेलं की त्याच्यावर तासभर बोलायचं.

रीळवाला, डोरोथीचं मला अजिबात माहीत नव्हतं. ताईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “म्हणजे तिला सराव होता.”

पांढरी_टोपी

+१ रीळवाला. वाचनखूण साठवली.

मी २२ वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची काही वर्षं वृद्धांच्या वॉर्डात. तेव्हा लिबीबद्दल मी बोलू शकते. दृष्टी गेलेल्या माणसाचं जग म्हणजे पाठ केलेलं घर असतं. खुर्ची इथे, टेबलाचा कोपरा तिथे, पलंगापासून दार सात पावलांवर. त्यात वीतभर बदल झाला की माणूस आपटतं. एकदा नव्या मुलीने एका आजींचं पाण्याचं भांडं उजवीकडचं डावीकडे ठेवलं. आजींनी दिवसभर तिला शिव्या घातल्या. सगळे म्हणाले, म्हातारी तिरसट आहे. मी रात्री बघितलं, त्या अंधारात उजवीकडे हात फिरवत होत्या. हाक मारायची लाज वाटत होती.

लिबी जोशुआच्या आवाजाने वैतागते, नवी खिडकी नको म्हणते, पाहुणा नको म्हणते, ते सगळं मला एकाच जागेतून आलेलं दिसतं. खिडकीचा तिला उपयोग नाही हा मुद्दाच नाही. ठोकाठोक होणार, सामान हलणार, आणि सेराला बाहेर बघायला काहीतरी मिळणार. हे तिसरं सगळ्यात वाईट!

पण एक तक्रार आहे. सिनेमा सेराचा थकवा पुरेसा दाखवत नाही. गिशबाईंचा चेहरा इतका सोज्वळ आहे की ही बाई रात्री पाय चोळत बसत असेल, एखाद्या दिवशी ‘मरू दे ही एकदाची’ असं मनात येऊन दचकत असेल, असं वाटतच नाही. सांभाळणाऱ्याच्या मनात ते येतं. माझ्याही आलंय, आईच्या बाबतीत.

थोरलीच

आयडीवरून कळलंच असेल मी कुठल्या बाजूची.

अशा गोष्टी नेहमी धाकटीच्या बाजूने सांगितल्या जातात, हे लक्षात आलंय का? धाकटी प्रेमळ, सोसणारी, आठवणी जपणारी. सेरा युद्धात गेलेल्या नवऱ्याचा फोटो समोर ठेवून लग्नाचा वाढदिवस साजरा करते, एक पांढरा आणि एक लाल गुलाब मांडून. प्रेक्षक विरघळतात. पण नवरा गेला तेव्हा सेराला सावरलं कुणी? लिबीने. ते एका वाक्यात येऊन जातं. थोरलीने केलेलं नेहमी एका वाक्यातच येतं.

मी पाच भावंडांत पहिली. कुणाला कांजिण्या कधी झाल्या, कोण झाडावरून पडलं, कुणाच्या हाताला टाके, सगळं मला पाठ. परवा एका नव्या डॉक्टरने मलाच विचारलं, “तुम्हाला लहानपणी गोवर येऊन गेलाय का?” मी गप्प. हे सांगू शकेल असं जगात एकही माणूस उरलेलं नाही. धाकट्यांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारायला मी तरी आहे. मला कोण?

म्हणून मारानॉव्हचा प्रसंग मला सगळ्यात जास्त लागला. तो छान माणूस आहे, स्वतः पकडलेले मासे घेऊन जेवायला येतो, जुन्या दरबारी गोष्टी सांगतो. सेरा खूश. त्याची राहण्याची सोय नुकतीच संपलीय हे लिबी न बघता ओळखते आणि तोंडावर सांगते की इथे मुक्काम मिळणार नाही. उद्धटपणा आहेच. पण घरात तेवढं एकच माणूस व्यवहार बघतंय. टग्या झोपला ते नेमकं इथेच असणार.

टग्या_रिटर्न्स

इथेच. दंडवत घ्या.

शंकासुर

लिबीला मुलगी आहे ना? तिचं आणि मुलीचं फारसं जमत नाही, आणि तरी भांडण झालं की ‘मी जाते तिच्याकडे’ असं म्हणते. मला तो भाग अर्धवट वाटला. बहिणीकडे राहणं हा आनंद आहे की दुसरीकडे जायला जागा नाही म्हणून केलेली तडजोड, हे दिग्दर्शकाने ठरवायला हवं होतं.

थोरलीच

दोन्ही असू शकतं की. माझं आहे.

मुकामपोस्ट

धाग्याचा विषय बहिणींचा आहे, पण ‘असे सिनेमे सांगा’ असं लिहिलंय म्हणून ‘द स्ट्रेट स्टोरी’ (१९९९) सांगतो. डेव्हिड लिंचचा. एरवी त्याचे सिनेमे बघून माणूस गोंधळून बाहेर पडतो. हा मात्र सरळ रस्त्यासारखा सरळ आहे.

अल्विन स्ट्रेट, वय ७३. चालायला दोन काठ्या लागतात, नजर अधू, गाडीचा परवाना नाही. एका वादळी रात्री फोन येतो की भावाला पक्षाघाताचा झटका आलाय. त्या भावाशी दहा वर्षं बोलणं नाही. म्हातारा ठरवतो, जायचं, आणि कुणी नेऊन सोडायचं नाही, आपलं आपण जायचं. म्हणून गवत कापायच्या यंत्रावर बसून, मागे छोटी गाडी जोडून निघतो. आयोवातल्या लॉरेन्सपासून विस्कॉन्सिनमधल्या माउंट झायनपर्यंत सुमारे २४० मैल. यंत्राचा वेग जोरात चालणाऱ्या माणसापेक्षा थोडाच जास्त. हे १९९४ मध्ये खरंच घडलेलं आहे, सहा आठवडे लागले होते. लिंचने त्याच रस्त्याने आणि त्याच क्रमाने चित्रीकरण केलं.

अल्विन झालेला रिचर्ड फार्न्सवर्थ हा मूळचा स्टंट करणारा माणूस. शूटिंगच्या वेळी कर्करोग हाडांत पसरलेला होता. काठ्या टेकत उठताना तो जो थांबतो ते खरं थांबणं आहे. ७९ व्या वर्षी ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि २००० मध्ये तो गेला.

मी हा सिनेमा तीनदा पाहिलाय. शेवटची काही मिनिटं एकदाच. अल्विन मोडक्या घरासमोर उभा राहून हाक मारतो. उत्तर येत नाही. त्या दोन हाकांच्या मधे मी टीव्ही बंद करतो.

माझं धाकट्या भावाशी बोलणं नाही, ९ वर्षं झाली. आईवडिलांच्या घराची वाटणी. तपशील लिहीत नाही. दोन्हीकडचे वकील जिंकले.

शंकासुर

‘स्ट्रेट स्टोरी’ मलाही आवडतो, पण एक शंका. भांडण कशावरून झालं ते सांगतच नाहीत. राग, मीपणा, दारू, इतकंच अल्विन एका पाद्र्याला सांगतो. मग समेट फुकटात होत नाही का? भावाने नेमकं काय केलं होतं ते कळलं असतं तर माफीचं वजन कळलं असतं.

मुकामपोस्ट

कळलं असतं तर आपण न्यायाधीश होऊन बसलो असतो. कोण चूक, कोण बरोबर, कुणी आधी यायला हवं होतं. मी गेली नऊ वर्षं हेच करतोय, पुरावे लावून. म्हाताऱ्याने फायलीच बरोबर नेल्या नाहीत.

आणि फुकटात कसं? रोजचे पाच-सहा मैल, त्या हाडांनी. उतारावर यंत्राचा पट्टा तुटून ते सुसाट सुटतं तो प्रसंग आठवा. भावाच्या दारात पोचेपर्यंत बोलण्यासारखं सगळं रस्त्यावर सांडलेलं असतं, अनोळखी लोकांपाशी. युद्धात आपल्याच बाजूच्या माणसाला आपल्या हातून गोळी लागली, हे तो एका अनोळखी म्हाताऱ्याला बारमध्ये सांगतो. भावासाठी काही उरतच नाही बोलायला.

सदिच्छा

मुकामपोस्ट दादा, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. आजच फोन करा. आयुष्य खूप छोटं आहे हो. एक पाऊल तुम्ही पुढे टाका, ते दोन टाकतील!

मुकामपोस्ट

सदिच्छा, सल्ला मागितला नव्हता. फोन करायला काय लागतं? नंबर पाठ आहे, तीच तर पंचाईत आहे. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

पांढरी_टोपी

सदिच्छा, राग मानू नका, पण वॉर्डात मी हे खूप बघितलंय. शेवटच्या आठवड्यात धावत येणारे भाऊ. पलंगाशी बसतात आणि काय बोलायचं ते सुचत नाही, मग मॅचचा स्कोअर सांगतात. पेशंट ऐकतो. मला आधी त्यांची कीव यायची, नंतर वाटायला लागलं की स्कोअर सांगितला तरी पुरे आहे.

‘स्ट्रेट स्टोरी’च्या शेवटीही दोघं काय बोलतात? या यंत्रावर बसून इतक्या लांब आलास, मला भेटायला? हो, आलो. संपलं. मग दोघं वर आकाशाकडे बघतात. मुकामपोस्ट, तुम्ही नसेल पाहिलं तर माफ करा, मी फोडला.

मुकामपोस्ट

फोडलात तेच बरं झालं. स्कोअरचं लक्षात ठेवतो.

रीळवाला

दोन्ही सिनेमे शेजारी ठेवले तर मजा येते. एकीकडे भाऊ दहा वर्षं दुरावलेले आणि शेवटची दोन मिनिटं एकत्र. दुसरीकडे बहिणी चोवीस तास एका छपराखाली. मला दुसरं जास्त अवघड वाटतं. गवत कापायच्या यंत्रावरून बहिणीकडे जाता येतं, पण शेजारच्या खोलीतून तिच्याकडे कसं जायचं? लिबीला त्यासाठी एक अख्खी रात्र आणि एक वाईट स्वप्न लागतं. सकाळी उठून ती जोशुआला सहज, जणू दोघींचं आधीच ठरलं होतं अशा सुरात, खिडकी करायचीय म्हणून सांगून टाकते. सेराला विचारतसुद्धा नाही! माफीबिफी काही नाही. थोरल्यांची पद्धत.

थोरलीच

ही पद्धत आहे हे मान्य. विचारून केलं असतं तर सेरा रडली असती आणि मग तेही आम्हालाच निस्तरावं लागलं असतं.

टग्या_रिटर्न्स

बरं, उरलेली पन्नास मिनिटं बघितली काल. टोकावर दोघी जातात आणि आंधळी विचारते देवमासे दिसतात का, आणि धाकटी म्हणते गेले ते, तो भाग. नाटक आहे यावर मी ठाम आहे. पण नंतर बहिणीला फोन केला. काही विशेष बोललो नाही. ती म्हणाली, पैसे हवेत का?

अबोली_६६

सगळ्यांचे आभार. मी सगळे प्रतिसाद ताईला मोठ्याने वाचून दाखवले. टग्यांबद्दल म्हणाली, “त्याला झोप लागते हे चांगलंय, मला लागत नाही.” थोरलीच यांचा गोवराचा किस्सा दोनदा वाचायला लावला. मग मला म्हणाली, “तुला आला होता गोवर. चार वर्षांची होतीस. मला नाही माहीत माझं.” मुकामपोस्ट यांच्याबद्दल काही बोलली नाही, फक्त चष्मा काढून पदराने पुसत बसली.

काल रात्री जेवताना एकदम विचारलं, “खिडकी दाखवली का शेवटी? बसवलेली?” मी म्हटलं, नाही, नुसतं ठरतं. “म्हणजे कशी दिसते ते तुलाही माहीत नाही.” नाही म्हटलं. थोडा वेळ गेला. मग म्हणाली, “आपल्याकडे पाडायचीच असेल तर डाव्या अंगाला पाड. माझी डावीकडची कड अजून बरी आहे. आणि मधोमध नको, मधलं मला दिसत नाही.”

रुंदी आणि उंची किती घ्यावी? कुणाला अनुभव असेल तर लिहा.

पांढरी_टोपी

अबोलीताई, भिंतीवर खूण करायच्या आधी खुर्ची ठेवा. त्यांना रोज बसतात तशा तिरक्या बसवा आणि त्यांच्या मागे उभं राहून बघा नजर कुठे जाते. सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, खुर्चीच्या हातापेक्षा वर नको. आणि थेट ऊन येत असेल तर पातळ पडदा आत्ताच ठरवून टाका, मॅक्युला गेलेल्यांना प्रखर उजेडाचा फार त्रास होतो. कामाच्या दिवसांत त्यांचा पलंग हलवू नका. हलवावा लागलाच तर कुठे हलवलाय ते हात धरून दाखवा, तोंडी सांगू नका.